एका रुळावरची गाडी

बालमित्रांनो, उभ्या सायकलचा हात सोडला की ती आडवी होते. मग एकाच रुळावरची मोनोरेल का बरं पडत नाही?

घोड्यावर मांड टाकलेला स्वार आठवा. मोनोरेलही काँक्रीटच्या तुळईवर अशीच बसते. वरची रबरी चाकं वजन पेलतात आणि गाडी पळवतात, तर दोन्ही कुशींची आडवी चाकं तुळईला धरून ठेवतात. मुंबईत चेंबूर ते वडाळा अशी मोनोरेल फेब्रुवारी २०१४ मध्ये सुरू झाली. मार्च २०१९ मध्ये ती संत गाडगे महाराज चौकापर्यंत पोहोचली.

आमच्या मिरजगावात मोनोरेल कुठली! पण सुताराकडे लाकडी पट्टी आणि घरात मोडकं खेळणं असलं, की तुमची स्वतःची गाडी तयार होते.

साहित्य : ४ सेंमी रुंद, ७ सेंमी उंच व १ मीटर लांब लाकडी पट्टी, दोन विटा, पुठ्ठ्याचा खोका, खेळण्यातली मोटर व चाकं, प्लॅस्टिकची चार झाकणं, पत्र्याच्या दोन पातळ पट्ट्या, एक डायोड, दोन सेल, लांब वायर.

कृती : लाकडी पट्टी उभ्या कडेवर विटांवर ठेवा. खोक्याचा तळ कापा. त्याच्या आत छताला पुढे-मागे एकेक चाक बसवा व त्यांपैकी एकाला मोटर जोडा. दोन्ही बाजूंना खाली दोन-दोन झाकणं आडवी फिरतील अशी लावा. सेल मात्र तुमच्या हातात राहतील. वायर मोटरपर्यंत न्या, झाला रिमोट! सेलच्या टोकांवरच्या वायरींची अदलाबदल केली, की गाडी मागे पळेल.

आता तिला थोडी अक्कल देऊ या. पत्र्याच्या पट्ट्या गाडीच्या नाकावर एकमेकींना टेकवून ठेवा आणि एक वायर त्यांच्यातून न्या. ठोकर लागली की पट्ट्या विलग होतात, वीज तुटते, गाडी आपोआप थांबते. मग परतायचं कसं? दोन्ही पट्ट्यांना डायोड जोडा. तो वीज एकाच दिशेने जाऊ देतो, म्हणून मागे येण्याची वाट खुली राहते. ठोकर लागूनही गाडी थांबली नाही, तर डायोड उलटा करा.

पालकांनो, ब्लेड तुम्ही चालवा. घरातल्या प्लगची वीज मुळीच वापरू नका.

शेवटी गाडीत एकेक नट टाका. कितव्या नटाला ती अडते? हा नुसता खेळ नाही, बरं का. १९ ऑगस्ट २०२५ ला मुसळधार पावसात मुंबईची मोनोरेल वाटेतच बंद पडली. गाडीची क्षमता १०४ टनांची, पण गर्दीमुळे वजन १०९ टनांवर गेलं होतं आणि वीज घेणाऱ्या भागाचा संपर्क तुटला. अग्निशमन दलाने साडेपाचशेहून अधिक प्रवाशांना सुखरूप उतरवलं. पुढे २० सप्टेंबर २०२५ पासून आधुनिकीकरणासाठी ही सेवा थांबवण्यात आली.

म्हणून तुमच्या गाडीला पेलणाऱ्या नटांचा आकडा खोक्यावर ठळक लिहा. आणि मित्राने आणखी एक नट टाकायचा हट्ट धरला, तर त्या आकड्याकडे बोट दाखवा!