चोरीला गेलेलं स्वप्न आणि सातवीतली डिटेक्टिव्ह

मैत्रिणींनो, पाकीट चोरीला जातं, मंगळसूत्र जातं, दारातली सायकल जाते. पण स्वप्न चोरीला गेल्याची तक्रार कधी ऐकलीत? 'टच डिटेक्टिव्ह' नावाच्या व्हिडिओ गेममध्ये पहिलीच केस ही आहे. पेनेलोपी नावाची मुलगी सांगत येते की, माझं स्वप्न कुणीतरी पळवलं! तपास करायचा मॅकेन्झीने. ही अबोल, मोठ्या डोळ्यांची पोर वडिलांची डिटेक्टिव्ह एजन्सी सांभाळते. मदतीला घरचा नोकर क्रॉमवेल आणि चक्क एक चालतीफिरती अळंबी!

हा गेम २००६ सालचा, जपानी. तो चालतो निन्टेन्डो डीएसवर. हे डबीसारखं उघडणारं, वर एक आणि खाली एक असे दोन पडदे असलेलं हातातलं यंत्र. खालच्या पडद्यावर बारीक काडीने टोचायचं, की मॅकेन्झी तिथे जाते, वस्तू उचलते, माणसांशी बोलते. वरच्या पडद्यावर तिचा चेहरा आणि तिच्या मनात काय चाललंय ते दिसतं. मला हे फार आवडलं. बाईमाणूस तोंडाने एक बोलते आणि मनात भलतंच असतं, हे जपान्यांनाही ठाऊक आहे म्हणायचं!

हे यंत्र आता बनत नाही. आमच्याकडे आलं ते माझ्या धाकट्या जावेच्या मुलीला तिच्या मामाने वापरून झालेलं दिलं म्हणून. पोरगी सातवीत. जाऊबाईंचं म्हणणं, अभ्यासाचं वाटोळं होणार, माळ्यावर टाका. मी म्हटलं, आधी बघू तरी. श्रमिकनगरातल्या मुलींसाठी मी शनिवारी वाचनवर्ग घेते, तिथे रहस्यकथा हमखास चालतात. बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळा पहाड आमच्या आधीच्या पिढीने पाठ्यपुस्तकात लपवून वाचले. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आमच्या वाट्याला आला. सगळे पुरुष नाहीतर मुलगे. इथे एक मुलगी डिटेक्टिव्ह आहे, ही गोष्ट मला मोठी वाटली.

पण खेळायला बसल्यावर खरी गंमत कळली. आमच्या पोरीने संशयित बरोबर हेरला आणि ती म्हणाली, "काकू, हाच असणार." गेम मात्र ऐकेना. आधी अमक्याशी बोला, मग तमक्या जागी जा, मग पुन्हा पहिल्याशीच बोला, तेव्हा कुठे पुढचं पान उघडणार. मधली एखादी पायरी राहिली तर तुमचा अंदाज कितीही खरा असो, मॅकेन्झी आपली तेच ते गुळमुळीत उत्तर देते. वस्तूंचंही तसंच. कुठली वस्तू कशाला लावायची याला पुष्कळदा शेंडा-बुडखा नसतो. मग काय, पोरगी जे हातात येईल ते दिसेल त्याला लावत सुटली. शिवाय गेम इंग्रजीत. संवाद न वाचताच भराभर काडी टोचत जायचं. गेम आला तेव्हाच्या समीक्षकांनीही याच बाबीवर बोट ठेवलं होतं. मुख्य केसेसही चारच, त्यातला बराच वेळ त्याच त्या रस्त्यांवर येरझाऱ्या घालण्यात जातो.

मला खटकलं ते वेगळंच. तिसऱ्या दिवशी पोरीने अंदाज सांगणंच बंद केलं. विचारलं तर म्हणाली, "सांगून काय उपयोग? त्याला हवं तेव्हाच होतं." आपल्या मुलींना घरात, शाळेत हा अनुभव कमी आहे का? 'तुला काय कळतंय' ऐकून ऐकून गप्प झालेल्या किती मुली मी पाहिल्यात.

रहस्यकथेत लेखकाने वाचकापासून धागेदोरे लपवू नयेत, हा नियम रोनाल्ड नॉक्स या इंग्रज लेखकाने १९२९ सालीच लिहून ठेवला. तो पाद्रीही होता, म्हणून दहा आज्ञा कराव्यात तसे दहा नियम त्याने केले. विचार करणाऱ्याला न्याय मिळावा, एवढीच त्यातली मागणी.

खऱ्या तपासाची गोष्ट आपल्याच महाराष्ट्रात आहे. रजनी पंडित यांचे वडील सीआयडीत होते आणि त्या रुपारेल कॉलेजात मराठी साहित्य शिकल्या. डिटेक्टिव्ह म्हणून काम करताना एका केससाठी त्या मोलकरीण बनून संशयित बाईच्या घरी राहिल्या. लपवलेल्या टेपरेकॉर्डरचा आवाज होऊन बाईला संशय आला, तेव्हा त्यांनी स्वतःच्या पायावर सुरी पाडून घेतली आणि दवाखान्याचं निमित्त करून घराबाहेर पडल्या. हे त्यांनीच मुलाखतींत सांगितलंय. मी ही हकिकत पोरीला सांगितली, तर तिचा पहिला प्रश्न, "सुरीच का? पोटात दुखतंय म्हणता आलं असतं की!" हा प्रश्न ऐकून मला फार बरं वाटलं.

यंत्र माळ्यावर गेलं नाही. एक जुनी वही काढली. केस सुरू झाली की आधी वहीत संशयिताचं नाव आणि कारण मराठीत लिहायचं, मगच काडी हातात घ्यायची. अडलेला इंग्रजी शब्दही तिथेच. गेमने नंतर कधी मान्य केलं त्याची तारीख शेजारी टाकायची. स्वप्नाच्या केसमध्ये पोरीचा अंदाज गेमच्या दोन दिवस आधीचा निघाला. तिने त्याखाली लाल शाईने दोन रेघा ओढल्यात.

आणि हो, त्या अळंबीचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. २०११ साली तिच्यावर मोबाइलचा वेगळा गेम निघाला, त्यात नुसत्या अळंब्या उगवायच्या आणि काढायच्या. जपानात तो इतका गाजला की तिची खेळणी बाजारात आली. तपास केला मॅकेन्झीने आणि नाव झालं मदतनिसाचं! जाऊबाई ऐकून म्हणाल्या, "यात नवीन ते काय?" आता शनिवारी त्याही वही बघायला बसतात आणि त्यांचा संशय नेहमी क्रॉमवेलवर असतो.