दोन वर्षं पैशापायी, सहा मानापायी

इंग्लंडच्या इतिहासात ज्याला रीजन्सी म्हणतात तो काळ जेमतेम नऊ वर्षांचा, 1811 ते 1820. राजा तिसरा जॉर्ज भ्रमिष्ट झाला आणि त्याच्या नावानं कारभार पाहायला थोरला मुलगा ‘रीजंट’ म्हणून बसला. या नऊ वर्षांवर आजवर लिहिल्या गेलेल्या प्रेमकादंबऱ्यांची गणती करणं अवघड आहे. त्यांत एक प्रकार वाचकांचा विशेष लाडका: पूर्वी जुळलेलं, मोडलेलं आणि काही वर्षांनी पुन्हा जुळणारं प्रेम. गंमत म्हणजे ज्याच्यावरून या काळाला नाव पडलं, त्या रीजंटच्या आयुष्यातही असंच एक प्रकरण होतं.

15 डिसेंबर 1785 या दिवशी या राजपुत्रानं लंडनच्या मेफेअर भागातल्या एका घरात, बंद दाराआड, मारिया फिट्झहर्बर्टशी लग्न केलं. ती दोनदा विधवा झालेली आणि कॅथलिक. 1772 च्या कायद्याप्रमाणे राजाच्या संमतीशिवाय झालेलं राजघराण्यातलं लग्न ग्राह्य नव्हतं, त्यामुळे कायद्याच्या लेखी हे लग्न झालंच नाही. 1794 मध्ये त्यानं तिला सोडलं. पुढच्या वर्षी, मुख्यतः डोक्यावरचं कर्ज संसदेकडून फेडून घ्यायला, ब्रुन्सविकच्या कॅरोलिनशी रीतसर लग्न केलं. ते वर्षभरात फिसकटलं. मग स्वारी पुन्हा मारियाच्या दारात. तिनं थेट रोमला विचारणा केली, धर्माच्या दृष्टीनं मीच त्याची पत्नी का? उत्तर ‘हो’ आलं आणि 1800 च्या सुमारास ती त्याच्याकडे परतली. दहाएक वर्षं बरी गेली. 1811 मध्ये रीजंट झाल्यावर कार्लटन हाउसमध्ये मोठी मेजवानी झाली. तिथे आपल्याला मानाच्या मेजावर जागा नाही हे मारियाला कळलं, आणि तिनं संबंध कायमचा तोडला. 1830 मध्ये तो मेला तेव्हा तिचं छोटं चित्र गळ्यात ठेवूनच त्याला पुरलं.

एखाद्या लेखिकेनं हे कथानक आणून दिलं असतं तर संपादकानं ते साभार परत केलं असतं. दुसरी संधी मिळूनही न सुधारणारा नायक प्रेमकादंबरीत चालत नाही.

चालणारा नायक कसा असतो, ते जेन ऑस्टेननं ठरवून दिलं. ‘पर्स्वेजन’ ही तिची शेवटची पूर्ण कादंबरी. 8 ऑगस्ट 1815 ला तिनं ती लिहायला घेतली आणि पुढच्या ऑगस्टमध्ये हातावेगळी केली. मधल्या काळात, मार्च 1816 मध्ये, भाऊ हेन्री याची बँक बुडाली आणि घरातल्या अनेकांचे पैसे गेले. तिची स्वतःची तब्येतही ढासळू लागली होती. 18 जुलै 1817 ला ती विंचेस्टरला वारली. पुस्तक त्याच वर्षाच्या डिसेंबरअखेर आलं, शीर्षकपानावर मात्र 1818 हे साल. ‘पर्स्वेजन’ हे नावही तिच्या पश्चात घरच्यांनी ठेवलेलं.

गोष्ट थोडक्यात अशी. सॉमरसेटमधल्या कर्जबाजारी, आरशावेड्या बॅरोनेट सर वॉल्टर एलियटची मधली मुलगी ॲन. 1806 च्या उन्हाळ्यात, एकोणिसाव्या वर्षी, तिचं नौदलातल्या फ्रेडरिक वेंटवर्थशी जमतं. तो सेंट डोमिंगोच्या लढाईनंतर नुकताच कमांडर झालेला, पण हाती जहाज नाही, गाठीला पैसा नाही. आईच्या जागी असलेल्या लेडी रसेल तिला समजावतात, ॲन ऐकते, लग्न मोडतं, तो दुखावून निघून जातो. आठ वर्षांनी, 1814 मध्ये, तो परत येतो. कर्ज झाल्यामुळे सर वॉल्टरना घर भाड्यानं द्यावं लागतं, भाडेकरू म्हणून येतात ॲडमिरल क्रॉफ्ट, आणि त्यांची बायको निघते वेंटवर्थची सख्खी बहीण. ॲन आता सत्तावीस वर्षांची, सौंदर्य ओसरलेली, घरात कुणाच्या खिजगणतीत नसलेली.

या आठ वर्षांचा हिशोब मांडून पाहण्यासारखा आहे. तो मांडला की कादंबरीचा नेहमीचा अर्थ, म्हणजे वडीलधाऱ्यांच्या सल्ल्यानं घात केला वगैरे, बराच डळमळतो.

आधी पैशाची बाजू. ब्रिटिश नौदलात पगार तुटपुंजा, खरी कमाई शत्रूचं जहाज पकडण्यात. पकडलेलं जहाज आणि त्यावरचा माल विकून आलेल्या रकमेचे आठ भाग होत. 1808 पर्यंत त्यातले तीन भाग कप्तानाचे. कप्तान ॲडमिरलच्या हुकमाखाली असेल तर त्यातला एक ॲडमिरलला जाई. शेकडो साध्या खलाशांनी मिळून वाटून घ्यायचे दोन. (असली वाटणी समुद्रापुरती नव्हती. ‘पर्स्वेजन’ छापून होत असताना, नोव्हेंबर 1817 मध्ये, खडकीची लढाई झाली. पेशवाईच्या त्या युद्धातल्या लुटीत कोणत्या फौजेचा वाटा किती, यावर विलायतेत कितीतरी वर्षं कज्जे चालले.) ऑस्टेनला हे जग घरातून ठाऊक होतं. फ्रॅन्सिस आणि चार्ल्स हे दोघे भाऊ नौदलात. 1801 मध्ये चार्ल्सनं आपल्या वाट्याच्या पैशातून जेन आणि कॅसँड्रा या बहिणींसाठी सोन्याच्या साखळ्या आणि पुष्कराजाचे क्रूस घेतले होते. फ्रॅन्सिस तर सेंट डोमिंगोच्या त्याच लढाईत ‘कॅनोपस’ या जहाजाचा कप्तान होता. परत आल्यावर त्याच वर्षी त्याचं लग्न झालं.

वेंटवर्थला पहिलं जहाज मिळतं ते ‘ॲस्प’, मोडकळीला आलेलं. त्यावरून तो शत्रूची खासगी लुटारू जहाजं पकडतो, आणि परतीच्या वाटेवर चक्क एक फ्रेंच फ्रिगेट. तो प्लिमथच्या बंदरात शिरतो आणि काही तासांतच असं वादळ उठतं, की ते चार दिवस चार रात्री थांबत नाही. एक दिवस उशीर झाला असता तर ‘ॲस्प’ बुडालंच असतं. हे सगळं तो ॲनच्या बहिणीच्या सासरच्या, मस्ग्रोव्ह कुटुंबातल्या मुलींना हसत हसत सांगतो, मुली ‘अगं बाई’ करतात, आणि त्याच खोलीत बसलेल्या ॲनला मात्र आपला थरकाप लपवावा लागतो. लेडी रसेल यांची भीती काही पोकळ नव्हती, हे ऑस्टेननं नायकाच्याच तोंडून वदवून घेतलं आहे. एकोणीस वर्षांची मुलगी अशा माणसाशी बांधली गेली असती, तर ऐन विशीत निराधार विधवा होण्याची शक्यता खरीच होती. 1797 मध्ये कॅसँड्राचा वाग्दत्त वर टॉम फाउल याच सेंट डोमिंगोच्या किनाऱ्यावर तापानं मेला. तिनं पुन्हा लग्नाचा विचार केला नाही.

कादंबरीच्या शेवटी वेंटवर्थ पंचवीस हजार पौंडांचा धनी आहे. ॲनच्या वाट्याला दहा हजार पौंड येणं आहेत, पण बापाच्या हाती तूर्त त्यातले थोडेच. म्हणजे ज्या घरानं त्याला नाकारलं त्याच्यापेक्षा तो आता वरचढ. इथवर ही पैशाची गोष्ट झाली. पण मन जुळल्यावर वेंटवर्थ एक प्रश्न विचारतो, आणि माझ्या मते अख्ख्या कादंबरीतली सर्वांत महत्त्वाची जागा तीच. 1808 मध्ये हाती काही हजार पौंड आले होते, ‘लॅकोनिया’ची कप्तानी मिळाली होती; तेव्हा तुला पत्र लिहिलं असतं तर तू हो म्हणाली असतीस का? तिच्या उत्तरात शंकेला जागाच नाही. मग तोच कबूल करतो, की लिहिलं नाही ते निव्वळ ताठ्यापायी.

1806 ते 1808 ही दोन वर्षं पैशानं घेतली. उरलेली सहा मानपानानं. सल्ला देणारीचा दोष दोन वर्षांपुरता, बाकीची सहा त्यानं स्वतः घालवली. दुरावा कुणी घडवला आणि तो लांबवला कुणी, हे दोन प्रश्न वेगळे आहेत, हे ऑस्टेननं नेमकं ओळखलं. नंतरच्या शेकडो कादंबऱ्यांना नेमकं हेच जमलेलं नाही.

ॲनचं शेवटचं म्हणणं तर अनेक वाचकांना आजही रुचत नाही. ती म्हणते, सल्ला चुकीचा होता, पण मी तो ऐकला हे बरोबरच केलं. ऐकला नसता तर मन खात राहिलं असतं. प्रेमिकेनं अशी कबुली देणं आपल्याला पचत नाही, कारण आपल्याला तिनं बंड केलेलं हवं असतं. मला मात्र त्या काळातल्या मुलीच्या तोंडी हे पटतं. 1753 च्या विवाह कायद्यानुसार एकविसाच्या आत बापाच्या संमतीशिवाय परवान्यानं लग्न करता येत नव्हतं. आणि लग्न एकदा झालं की झालं. घटस्फोटासाठी संसदेत स्वतंत्र कायदा मंजूर करून घ्यावा लागे. 1857 पूर्वीच्या जवळपास दोन शतकांत असे जेमतेम सव्वातीनशे घटस्फोट झाले, आणि बायकांच्या अर्जावरून अवघे चार. जिथे निर्णय एकदाच घेता येतो, तिथे वाचकाला दुसऱ्या संधीचं आकर्षण का वाटतं हे वेगळं सांगायला नको.

पण हे सारं पायाशी असलं तरी वाचताना पानावर दिसतात त्या बारीकसारीक हालचाली. नवव्या प्रकरणातला प्रसंग घ्या. ॲन आजारी भाच्याच्या उशाशी गुडघ्यांवर बसली आहे. दोन वर्षांचा धाकटा वॉल्टर मागून येऊन तिच्या पाठीला चिकटतो, मानेला मिठी मारतो, सांगून ऐकत नाही. खोलीत तिच्या बहिणीच्या नवऱ्याचा मावसभाऊ आहे, तो नुसताच तोंडानं दटावतो. तेवढ्यात कुणीतरी ते पोर उचलतं, मानेभोवतीचे घट्ट हात सोडवतं. तो वेंटवर्थ आहे हे तिला क्षणभरानं कळतं. तो बोलत नाही, उलट तिला आभार मानता येऊ नयेत म्हणून पोराशी मुद्दाम मोठ्यानं खेळू लागतो. आठ वर्षांनंतरचा हा पहिला स्पर्श, आणि तोही मधे एक पोर ठेवून.

शेवटाची हकिगत तर संशोधकांच्या खास आवडीची. ऑस्टेननं आधी लिहिलेला शेवट वेगळा होता आणि त्याची हस्तलिखित पानं ब्रिटिश लायब्ररीत आहेत. तिच्या छापून पूर्ण झालेल्या कादंबऱ्यांच्या मसुद्यांतलं एवढंच काय ते उरलं. त्यात ॲडमिरल क्रॉफ्ट ॲनला आपल्या बिऱ्हाडी ओढून नेतात, आणि ती दुसऱ्याशी लग्न करणार का, घर परत हवं का, हे वेंटवर्थला त्यांच्या वतीनं विचारावं लागतं. गैरसमज दूर, मामला खलास. दुसरी कुणी असती तर समाधान मानून झोपली असती. ऑस्टेनला ते फिकं वाटलं आणि आजारपणात तिनं ते पुन्हा लिहिलं.

नव्या प्रकरणात बाथमधल्या ‘व्हाइट हार्ट’ या खाणावळीची खोली. एका मेजाशी वेंटवर्थ पत्र लिहितोय. त्याचा मित्र हार्विल याची बहीण वारली, आणि तिच्यासाठी काढून घेतलेलं छोटं चित्र आता तिचा वाग्दत्त दुसऱ्या मुलीसाठी मढवून मागतोय. ते काम हार्विलच्या हातून होत नाही, म्हणून वेंटवर्थनं ते अंगावर घेतलंय. खिडकीशी हार्विल आणि ॲन बोलताहेत: पुरुषाचं प्रेम टिकतं की बाईचं? हार्विल पुस्तकांचे दाखले देऊ पाहतो. ॲन ते मानत नाही, पुस्तकं लिहिणारे हात पुरुषांचेच होते म्हणते. या बोलण्याच्या मध्येच वेंटवर्थची लेखणी खाली पडते. तो किती जवळ आहे आणि कदाचित ऐकतोय, हे तिला तेव्हा जाणवतं. थोड्या वेळानं तो निघतो, हातमोजे विसरल्याचं निमित्त करून परत येतो, कागदांखालून एक पत्र काढून तिच्यापुढे ठेवतो आणि जातो. मागणी घालायला वेंटवर्थला कुणा मध्यस्थाची गरज उरत नाही. त्याला उठवतं ते तिचं दुसऱ्याशी चाललेलं बोलणं. पुढे रस्त्यात दोघांना एकांत मिळतो, तोही ॲनच्या मेव्हण्याला बंदूकवाल्याकडे जायची घाई असल्यामुळे. ऑस्टेनचा हा खवचटपणा ऐन मोक्याच्या क्षणीही सुटत नाही.

जॉर्जेट हेयर हिनं विसाव्या शतकात रीजन्सी प्रणयकथेचा साचा घडवला, आणि तिनं ‘बाथ टँगल’मध्ये (1955) याच कल्पनेची खोडी काढली. नायिका सेरीना हिला जुना प्रियकर मेजर किर्कबी बाथमध्ये पुन्हा भेटतो. दोघं आनंदानं वाङ्निश्चय करतात, आणि हळूहळू लक्षात येतं की तो अजूनही त्या कोवळ्या मुलीवरच प्रेम करतोय, समोरच्या तडफदार बाईवर नव्हे. तो अखेर तिच्या तरुण सावत्र आईकडे वळतो. सेरीना जाते ती रॉदरहॅमकडे, ज्याच्याशी ठरलेलं लग्न तिनं एकेकाळी स्वतः मोडलं होतं, आणि ज्याच्याशी तिचं रोज कडाक्याचं भांडण होतं.

नंतरच्या लेखिकांनी सोपी वाट धरली. जूलिया क्विनच्या ‘एव्हरीथिंग अँड द मून’मध्ये (1997) दोघांचे बाप कारस्थान करतात आणि सात वर्षं गैरसमजात जातात. दोष सगळा बाहेरचा, दोघं निर्मळ. वाचायला मजा येते, पण वेंटवर्थसारखं ‘माझ्यामुळे गेली ती वर्षं’ म्हणायला कुणी उरत नाही. मेरी बलोगच्या ‘वन नाइट फॉर लव्ह’मध्ये (1999) नायक चर्चमध्ये दुसऱ्या वधूची वाट पाहत उभा असताना, युद्धात मेली समजलेली बायको दारात येते. आरंभ नाटकी खरा, पण पुढे बलोग हे प्रकरण नेटानं निभावते: एका रात्रीपुरतं झालेलं लग्न दोन्ही माणसं बदलल्यावर लग्न उरतं का, हा तिचा प्रश्न.

ऑस्टेनच्या स्वतःच्या घरातही असंच एक प्रकरण घडलं. मार्था लॉइड ही जेनची जिवलग मैत्रीण, चॉटनच्या घरात ऑस्टेन मायलेकींसोबत राहिलेली. फ्रॅन्सिसशी तिचं जमावं असं पूर्वीच बहिणींच्या मनात होतं, असं काही चरित्रकार म्हणतात. त्यानं दुसरीशी लग्न केलं; ती अकरा मुलं मागे ठेवून 1823 मध्ये वारली. 1828 मध्ये चोपन्नाव्या वर्षी फ्रॅन्सिसनं मार्थाला मागणी घातली, आणि साठी ओलांडलेली मार्था त्याची बायको झाली. पुढे त्याला ‘सर’ किताब मिळाला तेव्हा ती लेडी ऑस्टेन म्हणून ओळखली जाऊ लागली. तिनं हातानं उतरवलेली पाककृतींची वही चॉटनच्या संग्रहालयात आहे, आणि तिच्यात हिंदुस्थानी पद्धतीच्या करीची कृतीसुद्धा आहे.