माणसं चौपट, कडं दुप्पट

डहाणूजवळच्या विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची यात्रा चैत्री पौर्णिमेला सुरू होते. त्या गर्दीभोवती हात धरून कडं करायचं ठरवलं आणि त्याला 100 माणसं लागली, असं समजा. पुढच्या वर्षी गर्दी तितकीच दाट, पण चौपट झाली. आता कड्याला किती माणसं लागतील? 400 नव्हे, 200. क्षेत्रफळ चौपट झालं तरी परीघ दुप्पटच होतो. शाळेतल्या भूमितीची ही गोष्ट दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलाच्या ध्यानात यायला साडेतीन वर्षं गेली. तोवर हजारो खलाशी समुद्राने गिळले होते.

ब्रिटनचं धान्य, तेल, दारूगोळा अटलांटिक ओलांडून यायचा आणि वाटेत जर्मन पाणबुड्या टपलेल्या असायच्या. म्हणून मालवाहू जहाजं तांड्याने निघत, भोवती युद्धनौकांचा पहारा. आपल्या किनाऱ्याला ही रीत जुनीच. सोळाव्या-सतराव्या शतकात गोव्याहून खंबातला जाणारे पोर्तुगीजांचे काफिले लुटारूंच्या भयाने सशस्त्र गलबतांच्या सोबतीने याच डहाणूच्या समुद्रातून जात.

तांडा लहान असलेलाच बरा, अशी ब्रिटिश नौदलाची समजूत होती. पॅट्रिक ब्लॅकेट या भौतिकशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी नोंदवह्या उघडून हिशोब मांडला. सरासरी 32 जहाजांच्या तांड्यात शेकडा 2.5 जहाजं बुडाली होती. सरासरी 54 च्या तांड्यात फक्त 1.1. अथांग समुद्रात तांडा लहान असो की मोठा, तो पाणबुडीला सापडण्याची शक्यता जवळपास सारखीच. सापडला तरी तिच्याजवळचे पाणतीर मोजके. आणि कडं राखायला पहारेकरी त्या मानाने थोडेच लागतात. 1943 मध्ये तांडे मोठे होऊ लागले. 1944 च्या उन्हाळ्यात 160 हून अधिक जहाजांचा एक तांडा एकही जहाज न गमावता अटलांटिक पार करून गेला.

अरबी समुद्राच्या वाट्याला मात्र पहारेकरी फारसे आलेच नाहीत. नोव्हेंबर 1942 मध्ये ‘तिलावा’ ही प्रवासी बोट मुंबईहून पूर्व आफ्रिकेकडे निघाली ती एकटीच. बोटीवर साडेनऊशेच्या वर माणसं. 23 नोव्हेंबरला जपानच्या ‘आय-29’ पाणबुडीने तिला गाठलं. पहिला पाणतीर लागल्यावरही बोट तरंगत होती. दुसऱ्याने ती गेली. 280 जीव गेले. वाचलेल्यांना ‘बर्मिंगहॅम’ या युद्धनौकेने उचलून मुंबईला परत आणलं. पुढच्याच एप्रिलमध्ये सुभाषचंद्र बोस मादागास्करजवळच्या समुद्रात जर्मन पाणबुडीतून उतरून ज्या पाणबुडीत चढले, ती हीच ‘आय-29’.

पण कडं कितीही नीट केलं, तरी पहारेकऱ्याला ऐकू आलं पाहिजे. सोनार यंत्रणा पाण्यात ध्वनी सोडते आणि पाणबुडीवर आपटून आलेला प्रतिध्वनी टिपते. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे 1,500 मीटर जातो. पाणी एक अंशाने तापलं की आणखी तीनेक मीटर जास्त. वरचा थर उन्हाने कोमट आणि खालचा गार असेल, तर ध्वनी सरळ न जाता खाली, गार पाण्याकडे वळतो. मग थोड्या अंतरापुढे एक सावली तयार होते, तिथे जहाजाचा आवाज पोचतच नाही. आपल्यासारख्या उष्ण समुद्रात ही अडचण नेहमीची. सकाळी दूरवर ऐकणारं यंत्र दुपारी बहिरं होतं. शिवाय वेग वाढवला की स्वतःच्याच जहाजाचा गलबला कानात भरतो. नीट ऐकायचं तर सावकाश चालावं लागतं, आणि सावकाश चालणारं जहाज पाणबुडीला आयतं सापडतं.

भारत-पाक युद्धात 9 डिसेंबर 1971 च्या रात्री हेच घडलं. डहाणूच्या पश्चिमेला, दीवपासून सुमारे 40 सागरी मैलांवर आपली युद्धनौका ‘खुकरी’ आणि तिच्या जोडीची ‘कृपाण’ पाकिस्तानी पाणबुडीच्या शोधात होत्या. ‘खुकरी’च्या सोनारमध्ये केलेली सुधारणा तपासायची होती, म्हणून ती मंद गतीने चालली होती. ‘हंगोर’ पाणबुडीने दोघींना आधीच हेरलं होतं. तिचा पहिला पाणतीर ‘कृपाण’खालून न फुटता निघून गेला, दुसरा ‘खुकरी’ला लागला. काही मिनिटांतच 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक जहाजासोबत गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनी जहाज सोडलं नाही. दीवच्या किनाऱ्यावरच्या स्मारकात ‘खुकरी’ची लहानशी प्रतिकृती काचेत, समुद्रासमोर ठेवली आहे.