गाडीचे जू : डिफरन्शियलची ओळख आणि निगा



कापड्याहून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरला जाणाऱ्या गाड्या आपण रोज पाहता. जीप किंवा एस.टी.च्या मागे उभे राहून जरा वाकून पाहा. दोन मागच्या चाकांच्या मधोमध भोपळ्यासारखा फुगलेला एक लोखंडी डबा दिसेल. त्याच्या पोटात डिफरन्शियल असते. ते काय करते आणि त्याची निगा कशी राखावी, हे आज पाहू.

आधी गरज समजून घेऊ. शाळेत कवायतीची रांग वळते, तेव्हा आतल्या टोकाचा मुलगा जागच्या जागी पाय आपटतो आणि बाहेरच्या टोकाचा लांब ढांगा टाकतो. गाडीच्या चाकांचेही तसेच असते. घाटातले एक पुरे उलटे वळण घ्या. आतले चाक 8 मीटर त्रिज्येवरून गेले आणि दोन चाकांत दीड मीटर अंतर असले, तर आतले चाक सुमारे 25.1 मीटर चालते आणि बाहेरचे 29.8 मीटर. फरक 4.7 मीटरचा. गुरुजींनी मुलांना त्रिज्या बदलून हेच गणित घालावे. वळण मोठे असो की लहान, अर्ध्या वर्तुळात फरक तेवढाच येतो, ही गंमत मुलांच्या ध्यानात येईल. चाकाचा घेर 2.2 मीटर धरला, तर बाहेरच्या चाकाला दोन फेरे जास्त घ्यावे लागतात.

बैलगाडीला ही अडचण नाही, कारण तिची चाके आखावर मोकळी फिरतात. मोटारीत मात्र इंजिनाला चाके फिरवायची असतात. दोन्ही चाके एकाच दांड्याला घट्ट बसवली, तर वळणावर एक चाक फरफटत जाईल, टायर झिजेल आणि दांड्याला पीळ बसेल. फ्रान्समधील पेकर यांनी 1827-28 च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठी यावर तोड काढली. आजच्या मोटारीतही तीच युक्ती आहे.

ही युक्ती म्हणजे आपले जूच समजा. जू मधोमध बांधलेले असते. एक बैल थोडा पुढे आणि दुसरा मागे पडला, तरी जू तिरके होते आणि गाडी चालतच राहते. डिफरन्शियलमध्ये इंजिनाकडून येणारे लहान पिनियन मोठ्या क्राउनला फिरवते. क्राउनला जोडलेल्या डब्यात लहान दंतचक्रे असतात. त्यांच्या दोन बाजूंना दोन चाकांच्या दांड्यांची दंतचक्रे भिडलेली असतात. सरळ रस्त्यावर सगळे एकसंध फिरते. वळणावर लहान चक्रे स्वतःभोवती फिरतात. एका चाकाचा वेग जितका घटतो, तितकाच दुसऱ्याचा वाढतो.

जुवाचा दोषही यात आहे. एका बैलाने अंग सोडले, तर दुसऱ्याचे बळ वाया जाते. तसे एक चाक चिखलात अडकून मोकळे फिरू लागले, की दुसरे कोरड्या जमिनीवर असूनही जागचे हलत नाही. अशा वेळी ॲक्सिलरेटर दाबत बसू नये. फिरणारे चाक वेड्यासारखे फिरते, लहान चक्रे तापतात आणि झिजतात. चाकाखाली दगड, फांद्या घालाव्यात.

हे सारे मुलांना दाखवायचे कसे? गणपतीला मुंबईचे चाकरमानी मुलांसाठी रिमोटची गाडी आणतात. चांगल्या प्रतीच्या गाडीत हेच यंत्र मुठीत मावेल एवढे असते. मागची चाके टेबलावर उचलून धरा आणि एक चाक हाताने हळू फिरवा. दुसरे उलट फिरेल.

ते बिघडले तर घरीही उघडता येते. चार स्क्रू काढा आणि सुटे भाग ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने कापडावर मांडा. मळके तेल पुसा. दात तुटलेला असेल, तर जोडीदार चक्रही तपासा. रबरी कड्या फाटल्या असतील, तर बदला. नाहीतर तेल झिरपते. तेल सिलिकॉनचे घाला, ते रबराला मानवते. लहान चक्रे जेमतेम बुडतील एवढेच घाला आणि बुडबुडे निघेपर्यंत थांबा. तेल दाट असेल, तर मोकळे चाक कमी पळते. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा. पिनियन आणि क्राउन भिडताना फार सैल नको, फार घट्टही नको. अगदी पातळ वाशर घालून हे साधते. बोटाने फिरवा; अडकता कामा नये, खडखडताही कामा नये.

मोठ्या गाडीत हे काम कारागिराचेच. पण पाळत ठेवणे मालकाचे काम आहे. गाडी सपाट जागी उभी करून तेल भरण्याच्या छिद्राच्या खालच्या कडेपर्यंत तेल आहे ना, ते पाहावे. जादा भरू नये. पावसाळ्यात ओढ्यातून गाडी गेली आणि तेल दुधासारखे झाले, तर आत पाणी शिरले असे समजावे. ते तेल तसेच ठेवू नये.

आता सर्वांत महत्त्वाचे. डब्यावर हवा जाण्यासाठी एक बारीक वाट असते. ती चिखलाने बुजली, की तापलेल्या तेलावर दाब वाढतो. मग ते ऑइल सील ओलांडून दांड्याच्या टोकाशी येते. तिथेच ब्रेकचे ड्रम असतात. लायनरला तेल लागले, की ब्रेक धरत नाही. डबा मधोमध असतो, बिघाड मात्र चाकाशी दिसतो, तोही उतारावर. बिघाड डिफरन्शियलचा असतो आणि दोष ब्रेकला दिला जातो.

म्हणून पावसाळा संपला, की या दोन बाबी जरूर पाहून घ्याव्यात: तेलाची पातळी आणि हवेची वाट. चाकाच्या आतल्या बाजूला तेलाचा ओघळ दिसला, की घाट उतरण्याआधी गाडी कारागिराला दाखवावी. वळताना खट्खट् किंवा ओढताना घूं असा आवाज आला, तरी दुर्लक्ष करू नये. एका चिंधीने दहा मिनिटांत होणारी ही तपासणी आहे. घाटात मात्र तिच्यावर माणसांचे प्राण अवलंबून असतात.