शेवटच्या खांबावरची लाईट

उमरीच्या शिवारात गेल्या चार-पाच दशकांत वीज कशी होती, हे ज्याच्या त्याच्या विहिरीवर ठरायचं. डीपीजवळच्याची, म्हणजे रोहित्राजवळच्याची, मोटार सुरळीत चालायची, शेवटच्या खांबावरच्याची नुसती घुमायची. ‘लाईट डिम आहे’ एवढंच बोलणं व्हायचं.

कारण डोक्यावरच्या तारेत होतं. रोध म्हटलं की रेडिओतला रंगीत पट्ट्यांचा तुकडा आठवतो, पण लांबच लांब ताणलेली तारही रोधच. खेड्यातल्या लाईनीवर सर्रास दिसणाऱ्या ‘स्क्विरल’ तारेचा रोध किलोमीटरला सुमारे 1.4 ओहम. पाच एचपीची मोटार सात-आठ अँपिअर ओढते. अशा तीन मोटारी किलोमीटरभर लांब एकाच वेळी सुरू झाल्या, की प्रवाह गुणिले रोध, म्हणजे तीसेक व्होल्ट तारेतच संपतात. एका फेजवर 230 चे 200 उरतात. खरी कळ पुढेच आहे. दाब घटला तरी पाणी तेवढंच उचलायचं, म्हणून मोटार आणखी प्रवाह ओढते, त्यानं दाब आणखी पडतो. उष्णता प्रवाहाच्या वर्गानं वाढते. प्रवाह सव्वापट, तर उष्णता दीडपटीहून जास्त. मग वायंडिंग जळतं, आणि मोटार भरून येईपर्यंत पाण्याची पाळी हुकते. ऐन हरभरा घाट्यात असताना हे सोसलेल्या माणसाला ओहमचा नियम वेगळा शिकवावा लागत नाही.

मोटार भरणाऱ्याच्या दुकानात सिरीजचा बल्ब टांगलेला असायचा. वायर शॉर्ट असेल तर तो लख्ख पेटे, मध्ये रोध असेल तर मंद. घरातल्या पंख्याचा जुना रेग्युलेटरही रोधाचाच: पंखा हळू केला की तो डबा तापायचा, वाचलेल्या विजेतली बरीच तिथंच जळायची. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आले आणि तो गेला. 2015 नंतर एलईडी स्वस्त झाले, तसे तारेचे बल्बही मागे पडले.

शिवारातला बदल मात्र फार उशिरा आला. 2018 च्या सुमारास राज्यात उच्चदाब वितरणाची योजना सुरू झाली: 11 हजार व्होल्टची लाईन थेट शेतापर्यंत आणि एक-दोन शेतकऱ्यांत एक छोटी डीपी. दोन फेजांमधल्या 415 ऐवजी 11 हजार व्होल्ट म्हटल्यावर तेवढ्याच कामाला प्रवाह सव्विसावा हिस्सा लागतो, तारेतली उष्णता जवळपास सातशेवा. ओहमनं आपला नियम 1827 साली छापला होता. हे गणित फार पूर्वीपासूनच मांडता येत होतं. इतक्या मोटारी जळाव्या लागल्या, याची मला आजही चीड येते.

जुन्या लाईनीवर जे अजून आहेत, त्यांनी मोटारीला योग्य क्षमतेचा कपॅसिटर तरी जोडावा. तारेतला प्रवाह कमी होतो, शेवटच्या खांबावर काही व्होल्ट जास्त मिळतात.