फ्लूचा रुग्ण घरी असताना



हिवाळ्यात क्रॉयडनमध्ये घरोघरी नाके वाहत असतात. ते साधे पडसे. फ्लूचा ताप अचानक चढतो, अंग ठेचल्यासारखे दुखते आणि माणूस अंथरुणावरून उठत नाही. १९१८ च्या जूनमध्ये ही साथ मुंबईच्या गोदीतून शहरात शिरली आणि पुढे महाराष्ट्रभर पसरली. लोक तिला ‘मानमोडी’ म्हणत. नावातच सारे आले!

बहुतेक रुग्ण आठवडाभरात घरीच बरे होतात. त्यांना विश्रांती हवी आणि पोटात पाणी हवे. पेज, वरणाचे पाणी, सूप, काहीही चालेल. पण थोडे थोडे, घोट घोट. लघवी गडद दिसली तर पाणी कमी पडते आहे असे समजावे. हळदीचे दूध खुशाल द्या, मात्र त्याने फ्लू जातो असे आम्ही लिहिणार नाही. उकळत्या पाण्याचे भांडे मुलांपुढे वाफेसाठी ठेवू नये, भाजण्याचा धोका असतो. थंडी वाजते म्हणून तापलेल्या मुलाला तीन गोधड्यांत गुंडाळू नये.

आता भारतातून आणलेल्या गोळ्यांचा डबा. तो आपल्या सर्वांच्या घरी आहे! क्रोसिन म्हणजे पॅरासिटामॉलच. कॉम्बिफ्लॅममध्ये तेच, शिवाय आयबुप्रोफेन. इथल्या लेमसिपमध्येही पॅरासिटामॉल असते. म्हणजे सकाळी क्रोसिन, दुपारी लेमसिप आणि रात्री कॉम्बिफ्लॅम दिली, तर एकच औषध तीन नावांनी पोटात जाते. प्रौढांना चोवीस तासांत चार ग्रॅमपेक्षा, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या आठ गोळ्यांपेक्षा, जास्त देऊ नये. दोन मात्रांमध्ये निदान चार तास जाऊ द्यावेत. जास्त झाल्यास यकृताला इजा होते. वेळ आणि गोळीचे नाव कागदावर लिहून तो फ्रिजवर लावावा; हे काम मुलांनी घ्यावे. डिस्प्रिन म्हणजे ॲस्पिरिन. सोळा वर्षांखालील मुलांना ती देऊ नये. उरलेली अँटिबायोटिक्स तर नकोतच, विषाणूवर ती चालत नाहीत.

पासष्टीपुढची माणसे, गरोदर स्त्रिया, दमा किंवा मधुमेह असलेले यांच्यासाठी वाट पाहत बसू नये. विषाणूवरचे औषध पहिल्या दोन दिवसांत सुरू झाले तर जास्त उपयोगी पडते, म्हणून लगेच जीपीला किंवा १११ ला फोन करावा. बरे वाटू लागले आणि पुन्हा ताप चढला, तरीही करावा. न्यूमोनिया असू शकतो. धाप लागणे, छातीत एकदम दुखणे, ओठ निळसर होणे, थुंकीतून रक्त पडणे, हाका मारूनही नीट जाग न येणे: यांपैकी काही दिसले तर थेट ९९९.

इथे मुलांनो, तुमचे मराठी कामी येते. आजी ‘धाप लागते’ म्हणते, ‘ग्लानी आली’ म्हणते. हे थकव्याचे शब्द नव्हेत. अर्थ आजच घरी विचारून ठेवा. १११ वर दुभाषाही मागता येतो. भारतातून पाहुणे आलेल्या आजी-आजोबांनाही ए अँड ई मध्ये तपासण्याचे पैसे पडत नाहीत. वॉर्डात दाखल केले तर मात्र बिल येऊ शकते, तेव्हा विम्याचे कागद हाताशी असू द्या.

आणखी एक, कारण पालक विचारतात. मुलांना नाकात फवारतात त्या लसीत डुकराचे जिलेटिन असते. ते नको असेल, तर जिलेटिन नसलेले इंजेक्शन मागता येते.