शालेय समुपदेशक : पाटी आणि पात्रता

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या आत्महत्या रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेने बाल व किशोरवयीन मानसिक आरोग्याचे प्रशिक्षण घेतलेला किमान एक समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ अथवा समाजकार्यकर्ता नेमावा, हे त्यांतील एक. साहजिकच हा व्यवसाय आता घरोघरी मुलामुलींच्या भवितव्याच्या चर्चेत येईल. त्याची पात्रता कशी मिळते, हे म्हणूनच जाणून घ्यावयास हवे.

सनदी लेखापालाला त्याच्या संस्थेचे सदस्यत्व लागते, डॉक्टरला वैद्यक परिषदेची नोंदणी. अमेरिकेत शालेय मानसशास्त्रज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेचे प्रमाणपत्र हवे असेल तर पदव्युत्तर शिक्षण, १२०० तासांची आंतरवासिता, त्यांपैकी किमान ६०० तास शाळेत, आणि शेवटी परीक्षा, असा क्रम आहे. आपल्याकडे शालेय समुपदेशकासाठी अशी एकच सर्वमान्य सनद अद्याप रुळलेली नाही. त्यामुळे अल्पमुदतीचे प्रशिक्षण घेऊन दारावर पाटी लावणे सोपे झाले आहे.

खरा मार्ग दीर्घ आहे. प्रथम मानसशास्त्राची पदवी, मग पदव्युत्तर पदवी. घरबसल्या ही पदवी घेण्याचा विचार असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवावी : जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून विद्यापीठ अनुदान आयोगाने मानसशास्त्राचे दूरस्थ व ऑनलाइन प्रवेश बंद केले आहेत. त्यानंतर विशेष प्रशिक्षण. एनसीईआरटीचा मार्गदर्शन व समुपदेशनाचा पदविका अभ्यासक्रम एक वर्षाचा असून त्यात स्वयंअध्ययन, प्रत्यक्ष वर्ग आणि आंतरवासिता हे तिन्ही टप्पे आहेत. ज्यांना पुढे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हावयाचे आहे, त्यांना १९९२ च्या कायद्यान्वये भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी करावी लागते.

इतके वर्षानुवर्षे शिकावे कशासाठी? वाचताना अक्षरे चुकवणारा, गणितात अडखळणारा मुलगा 'आळशी' ठरवून दुकानाच्या गल्ल्यावर बसवला जातो. त्याला अध्ययन अक्षमता असू शकते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे आणि रीतसर प्रमाणपत्र मिळाल्यास परीक्षेत सवलतीही मिळतात. ही अडचण वेळीच ओळखून मुलाला योग्य चाचणीकडे पाठवणे हे प्रशिक्षित नजरेचे काम आहे. चुकीचा शिक्का बसला तर तो मुलाला आयुष्यभर पुरतो.

दुसरी कसोटी गोपनीयतेची. आपल्या समाजात सारेच परस्परांना ओळखतात. मुलीने शाळेत विश्वासाने सांगितलेली व्यथा तिच्या लग्नाच्या बोलण्यांपर्यंत पोहोचली, तर पुन्हा कोणतेही मूल तोंड उघडणार नाही. काय गुप्त राखावे आणि जीवाला धोका दिसताच पालकांना केव्हा सांगावे, हा विवेक अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली काम करूनच येतो.

म्हणून या क्षेत्रात मूल पाठवताना, वा मुलाला समुपदेशकाकडे नेताना, तीन प्रश्न अवश्य विचारावेत : पदवी कोणत्या विद्यापीठाची, प्रत्यक्ष काम किती तास, आणि ते कोणाच्या देखरेखीखाली? हुंडीवरील सही पारखल्याविना रक्कम न देणाऱ्या समाजाने मुलांच्या मनाबाबत त्याहून कमी दक्षता बाळगू नये.